वकीलसाहेब रजेवर असताना

सुट्टीला सांगलीला आले की कुणी ना कुणी विचारतंच, "एखादा चांगला वकील सुचव की." कुणाचा बांधाचा वाद असतो, कुणाचा मोटार अपघाताचा दावा, कुणाची भावाभावांची वाटणी अडलेली असते. तिथल्या आताच्या वकिलांना मी फारशी ओळखत नाही, म्हणून नाव सांगत नाही. एक युक्ती सांगते. ज्यांच्याकडे जायचं म्हणताय ते साहेब परगावी गेले असतील, त्याच दिवशी त्यांच्या ऑफिसात जा आणि तुमच्या प्रश्नाला कुणी धड उत्तर देतं का ते बघा. लोकांना हे पटत नाही. त्यांना नाव हवं असतं आणि नावापुढे 'कोर्टात लय भारी बोलतात' अशी शिफारस.

माझं पोट मात्र याच युक्तीवर चालतं. इंग्लंडच्या मिडलंड्स भागात मी सॉलिसिटरांच्या ऑफिसांची तपासणी करते. (मुंबईच्या वाचकांना सॉलिसिटर ही जमात नवी नाही. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा अजूनही घेते, आणि ती पास झालेली मंडळी ते अभिमानानं सांगतातही.) इंग्लंड आणि वेल्समधल्या सॉलिसिटरांची संघटना म्हणजे तिथली लॉ सोसायटी. तिनं 1998 मध्ये लेक्सेल नावाचं मानांकन सुरू केलं. ते ज्या फर्मला हवं असेल ती अर्ज करते, फी भरते आणि स्वतंत्र तपासणी संस्थेकडून असेसर बोलावते. आधी पूर्ण तपासणी, मग दोन वर्षं वर्षाकाठी एक छोटी भेट, त्यानंतर पुन्हा पूर्ण तपासणी. मी अहवाल लिहिते आणि शिफारस करते, मानांकन द्यायचं की नाही ते लॉ सोसायटी ठरवते.

मानकाचे सात भाग आहेत: फर्मची रचना आणि पुढचं नियोजन, पैसा, माहितीची राखण, माणसं, जोखीम, अशिलाची काळजी आणि फायलींचा कारभार. खटला जिंकला की हरला, हे या सातांत कुठंही बसत नाही. उलटतपासणी कशी झाली, युक्तिवाद किती धारदार होता, कायद्याचा अभ्यास किती खोल, यातलं मी काहीच तपासत नाही. सांगलीतले एक निवृत्त सरकारी वकील माझ्या कामाला 'शिपायांची परीक्षा' म्हणतात. ते टोमणा म्हणून म्हणतात, पण मला त्याचा राग येत नाही. वकिलाच्या ऑफिसातल्या शिपायाला, क्लार्कला आणि नव्या ज्युनियरला काय माहीत आहे, हीच खरी परीक्षा आहे असं माझं मत आहे.

कारण अशील पोळतो तो बहुतेक वेळा इथंच. इंग्लंडमध्ये वकिलाच्या सेवेबद्दल तक्रार असली तर आधी फर्मकडे करायची. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही, तर बर्मिंगहॅमच्या लीगल ओम्बड्समनकडे जायचं. 2010 पासून ही व्यवस्था चालू आहे. तिथं येणाऱ्या तक्रारींत दिरंगाई आणि कळवाकळवीचा अभाव ही कारणं वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असतात. फोन उचलत नाहीत, काम कुठवर आलं ते सांगत नाहीत, खर्च एक सांगितला आणि बिल दुसरंच आलं. आपल्याकडच्या कुठल्याही कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या गाड्यावर थांबा, हेच ऐकू येईल.

आता तपासणीत मी नेमकं काय करते ते सांगते. बहुतेकांना वाटतं मी कपाटातली मॅन्युअलं वाचत बसते. ती मी आदल्या आठवड्यातच घरी वाचलेली असतात. ऑफिसात गेल्यावर थोरल्या पार्टनरांबरोबर औपचारिक बैठक होते, चहा होतो, आणि मग मी सगळ्यांत नवं माणूस गाठते. बहुतेक वेळा ती रिसेप्शनवरची मुलगी असते, नाहीतर घरखरेदीच्या विभागातला मदतनीस पोरगा.

घरखरेदी हे तिथल्या सॉलिसिटरांचं रोजचं काम. खरेदीदाराचे पैसे, बँकेचं कर्ज, सगळं सॉलिसिटरच्या अशील खात्यात येतं आणि ताबा मिळण्याच्या दिवशी समोरच्या सॉलिसिटरकडे जातं. हा दिवस बहुधा शुक्रवार असतो, कारण शनिवार-रविवारी सामान हलवता येतं. भामट्यांनाही हे ठाऊक आहे. ते कुणाचा तरी मेल फोडतात, आठवडाभर नुसता पत्रव्यवहार वाचतात, आणि शुक्रवारी दुपारी अशिलाच्या नावानं दोन ओळी पाठवतात: आमची बँक बदलली, रक्कम या नवीन खात्यात टाका. या प्रकाराला तिथल्या धंद्यात 'शुक्रवार दुपारची फसवणूक' असंच नाव पडलं आहे. माणूस राबून जमवलेले लाखभर पौंड दहा मिनिटांत घालवून बसतो.

तर मी त्या पोराला विचारते, असा मेल आला तर तू काय करशील? एका फर्ममधला पोरगा म्हणाला, "मी लगेच त्या मेललाच उत्तर देऊन खात्री करून घेईन." म्हणजे चोरालाच विचारणार, बाबा तू चोर आहेस का. दुसऱ्या एका छोट्या फर्ममध्ये, वर चिनी खानावळ आणि खाली ऑफिस अशा जागेत, नुकती लागलेली मुलगी म्हणाली, "फाइल उघडताना अशिलाचा जो नंबर घेतलाय त्यावर फोन करणार. मेलमधल्या नंबरवर नाही. फोन लागला नाही तर पैसे सोमवारपर्यंत इथंच. पार्टनर ओरडले तरी इथंच." हे तुला कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मागच्या महिन्यात पार्टनरनी स्वतः खोटा मेल पाठवून आमची परीक्षाही घेतली. दोन्ही फर्मच्या मॅन्युअलात या बाबतीतला परिच्छेद जवळपास शब्दाला शब्द सारखा होता. मॅन्युअलवर मार्क दिले असते तर दोघं बरोबरीत सुटले असते.

दुसरी गोष्ट तारखांची. लेक्सेलच्या मानकात एक साधी अट आहे. प्रत्येक प्रकारच्या कामात चुकवून चालणार नाही अशा तारखा कोणत्या, हे फर्मनं आधी ठरवायचं. त्या तारखा फाइलवर लिहायच्या आणि शिवाय फाइलच्या बाहेर दुसऱ्या एका ठिकाणीही लिहायच्या. इंग्लंडमध्ये अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो, करारभंगाचा सहा वर्षांच्या आत. मुदत उलटली की अशिलाची बाजू कितीही खरी असली तरी दार बंद. मग मी अपघाताच्या फायलींची यादी मागते, त्यातल्या चार-पाच माझ्या मनानं उचलते आणि सेक्रेटरीला विचारते: या फाइलची शेवटची तारीख कोणती? ती आणखी कुठं लिहिली आहे? काम बघणारा वकील स्पेनला सुट्टीवर असताना ती तारीख जवळ आली, तर घंटा कुणाच्या कानात वाजणार? तिसऱ्या प्रश्नाला बरीच ऑफिसं गडबडतात. घंटा बहुतेक वेळा स्पेनमध्येच वाजत असते.

हा प्रश्न विचारताना मला दरवेळी आमचे नाना आठवतात. लॉ झाल्यावर काही वर्षं मी सांगलीत ज्युनियर होते. ऑफिसचा रोजचा बोर्ड, पुढच्या तारखा, नकलांचे अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, कुठल्या पक्षकाराला फोन न करता त्याच्या मुंबईच्या मुलालाच करायचा, हे सगळं आमचे क्लार्क नाना यांच्या डोक्यात असे. साहेबांची डायरी होती, पण ती नानाच लिहीत आणि नानांनाच वाचता येई. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही ज्युनियर मंडळी संध्याकाळी डायरी घेऊन त्यांच्या घरी जायचो. डोळ्यावर पट्टी, मांडीवर नातू, आणि नाना तोंडपाठ सांगताहेत: "ताई, बुधवारी जॉइंट कोर्टात कैफियत द्यायची मुदत संपतीय. साहेबांना आज रात्रीच आठवण करा. आणि त्या कवठ्याच्या पाव्हण्याला सांगा, सातबारा नवा काढून आण, मागचा जुना झालाय." एकही गोष्ट चुकली नाही. माणूस थोर होता. ऑफिस थोर नव्हतं.

आता ई-कोर्ट्सचं ॲप आलंय, पुढची तारीख पक्षकाराच्याच मोबाइलवर दिसते, मग काळजी कसली, असं कुणी म्हणेल. ॲपमुळं मोठी सोय झाली हे खरं. पण कोर्ट कधी बसणार ते ॲप सांगतं. त्याआधी आपल्याला काय काय करून ठेवायचं आहे ते सांगत नाही. आणि जो दावा अजून दाखलच झालेला नाही, त्याची मुदत कधी संपते हे ॲपला कळणार कुठून? ती तारीख वकिलाच्या ऑफिसातच लिहिलेली असायला हवी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते, आणि फर्मना सगळ्यांत नकोशी वाटते. काम संपल्यावर काय करता? माझ्या अनुभवात फाइल उघडताना सगळे उत्साही असतात. फीचं पत्र जातं, काम कोण बघणार ते लिहिलेलं असतं, तक्रार कुणाकडे करायची तेही असतं. निकाल लागला, घराचा ताबा मिळाला, की फाइल कुठल्यातरी खोक्यात जाते. लेक्सेल म्हणतं, तसं नाही. शेवटी अशिलाला पत्र लिहा: काय झालं, पुढे तुम्हाला काय करावं लागेल, तुमची कोणती कागदपत्रं परत देतोय, कोणती किती वर्षं आम्ही ठेवणार. आणि वकिलानं स्वतःशी एक नोंद करायची: अशील ज्यासाठी आला होता ते त्याला मिळालं का? नसेल, तर फर्ममध्ये जोखीम बघणाऱ्याला कळवायचं. रागावलेला अशील तक्रार घेऊन येण्याआधीच त्याच्या रागाची वर्दी द्यायची, असा त्याचा अर्थ.

शिवाय पैसे. अशील खात्याचा ताळेबंद बँकेच्या पुस्तकाशी निदान दर पाच आठवड्यांनी जुळवलाच पाहिजे, असा तिथल्या नियामकाचा, म्हणजे सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचा, नियम आहे. पैसे ठेवायचं कारण संपलं की ते लगेच परत द्यायचे, हाही नियमच. तरी मी खात्यांची यादी मागते तेव्हा शेपटीला उरलेले आकडे निघतातच. कुणाचे चौदा पौंड, कुणाचे तीनशे, अशील पत्ता बदलून गेलेला, फाइल बंद होऊन जमाना झालेला. शोध घेऊनही अशील सापडला नाही, तर 500 पौंडांपर्यंतची रक्कम ठरलेल्या अटींवर धर्मादाय संस्थेला देता येते. पण आधी शोधल्याचा पुरावा हवा. हिशेब बघणाऱ्या बाई चौदा पौंडांसाठी तीन पत्रं पाठवल्याचं दाखवतात, तेव्हा त्या फर्मबद्दल मला जे कळतं ते पार्टनरांच्या तासाभराच्या भाषणातून कळत नाही.

म्हणून काही लेक्सेलची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. या व्यवस्थेतली भोकं मला आतून दिसतात. पहिलं म्हणजे माझी भेट आधी ठरलेली असते. मानकाप्रमाणे वरिष्ठानं ज्युनियरच्या फायली ठरावीक काळानं तपासायच्या आणि सापडलेली चूक 28 दिवसांत दुरुस्त करून घ्यायची. एका ऑफिसात वर्षभराच्या अशा तपासण्यांचे कागद माझ्यापुढे आले. वेगवेगळ्या महिन्यांच्या तारखा, पण सगळीकडे तीच हिरवी शाई, तोच घाईघाईचा हात, आणि एकाही फाइलमध्ये एकही चूक सापडलेली नाही! चूक न सापडणारी तपासणी मी तपासणी मानतच नाही. दुसऱ्या एका ठिकाणच्या मॅन्युअलात मध्येच एका पानावर भलत्याच फर्मचं नाव होतं. सल्लागाराकडून विकत घेताना बदलायचं राहून गेलं होतं. असल्या गोष्टी मी अहवालात लिहिते, फर्म दुरुस्त करून दाखवते, आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागतं.

त्याहून मोठं भोक असं, की असेसरचे पैसे फर्म देते आणि शिक्का देणारी संघटना त्या फर्मच्याच जातभाईंची. मी कुणाच्या दबावाला बळी पडले नाही असं मी म्हणेन, प्रत्येक असेसर म्हणेल. बाहेरच्यानं त्यावर विश्वास का ठेवावा? माझं मत विचाराल तर तीन वर्षांतली एक तरी भेट न सांगता झाली पाहिजे. फर्म नाखूश होतील, पण कुणी मोडून पडणार नाही.

आणि ज्याला वरूनच लबाडी करायची आहे, त्याला माझी चेकलिस्ट अडवू शकत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नियामकानं ॲक्सिऑम इन्स ही मोठी फर्म बंद केली, तेव्हा अशील खात्यातले 6 कोटींहून जास्त पौंड नाहीसे झालेले होते. वर्षभरानं, लीगल सर्व्हिसेस बोर्डानं नेमलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. नियामकानं पुरेशी आणि परिणामकारक पावलं उचलली नाहीत, असा ठपका त्यात होता. अशिलांना भरपाई द्यायला तिथं सगळ्या वकिलांच्या वर्गणीतून चालणारा निधी आहे. त्या निधीसाठी अशिलांचे पैसे सांभाळणाऱ्या प्रत्येक फर्मची वार्षिक वर्गणी मग 660 पौंडांवरून 2,220 पौंडांवर गेली. म्हणजे चौदा पौंडांसाठी तीन पत्रं पाठवणाऱ्या फर्मनंही ती भरली. मानांकन हे पोलीस ठाणं नव्हे. ते हलगर्जीपणावरचं औषध आहे, चोरीवरचं नाही. फर्मच्या जाहिरातीत तो शिक्का बघून कुणी भाबडेपणानं डोळे मिटून पैसे ठेवू नयेत.

मग फर्म यात पडतात कशाला? सद्गुणांच्या ओढीनं तर नक्कीच नाही. सरकारी खर्चानं चालणाऱ्या कायदेशीर मदतीचं कंत्राट हवं असेल, तर लेक्सेल किंवा सरकारच्या मदत यंत्रणेचं स्वतःचं मानांकन, यातलं एक लागतं. घरखरेदीच्या कामासाठी लॉ सोसायटीचंच वेगळं मानांकन आहे, आणि कर्ज देणाऱ्या बऱ्याच बँका ते नसलेल्या फर्मला आपल्या पॅनेलवर घेत नाहीत. व्यावसायिक विमा तर प्रत्येक फर्मला सक्तीचा, निदान 20 लाख पौंडांचा, आणि कंपनीच्या रूपात असेल तर 30 लाखांचा. विमा कंपनी दरवर्षी अर्जात विचारतेच, तारखांची दुसरी नोंद कुठं ठेवता? ऑफिसला शिस्त लागली ती ही दुसऱ्यांच्या पैशाची चाबी लागल्यामुळं.

इथं आपल्याकडच्या गोष्टीला हात घालते. महाराष्ट्रात लेक्सेल आणा, असं मी म्हणत नाही. आणायचं म्हटलं तरी ते आपल्या पाटीवर लावता यायचं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलानं जाहिरात करायची नाही हे तर आहेच, पण पाटीवर कुठल्या संघटनेचा सदस्य आहे किंवा कोणत्या कामात विशेष पारंगत आहे हेही लिहायचं नाही, असं आहे. मानांकनाचा शिक्का त्यात सरळच अडकेल. तो नियम जुना झाला की नाही यावर वकील मंडळींनी जरूर भांडावं. मला त्या शिक्क्यात रस नाही.

कायदा म्हणून बघितलं तर काही बाबतींत आपण त्यांच्या पुढे आहोत. इंग्लंडमध्ये फी मिळेपर्यंत सॉलिसिटर अशिलाची कागदपत्रं अडकवून ठेवू शकतो. आपल्याकडे 2000 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात सांगितलं, की फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल दाबून ठेवता येणार नाही. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवावा, असंही बार कौन्सिलचे नियम सांगतात. पण मूळ खरेदीखत 'साहेबांच्या कपाटात कुठंतरी आहे' म्हणून हेलपाटे घालणारी माणसं माझ्या नात्यातच आहेत. कुणी ते अडकवून ठेवलेलं नाही, कुणी त्यासाठी पैसेही मागत नाही. ते नुसतं सापडत नाहीये. याला निकालपत्र काय करणार?

दाद मागायची वाटही अरुंद आहे. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डी. के. गांधी यांच्या प्रकरणात निकाल दिला, की वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक मंचाकडे जाता येणार नाही. वकिलीचा धंदा दुकानदारीसारखा नाही, हे न्यायालयाचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यानंतर राहिलं काय? ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार, नाहीतर सरळ नुकसानभरपाईचा दिवाणी दावा. फोन न उचलणं, कागद न सापडणं, काम कुठवर आलं ते न सांगणं, हे प्रत्येक वेळी गैरवर्तनात बसतंच असं नाही. दिवाणी दाव्यासाठी तर पुन्हा दुसरा वकील करा! पक्षकार मग एकच गोष्ट करतो. जुन्या वकिलाकडून एनओसी घेतो आणि दुसऱ्याकडे जातो, आणि तिथंही त्याच्या तारखा एखाद्या नानांच्याच डोक्यात असतात.

म्हणून मी बँकांकडे बोट दाखवते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या बँकेकडे पॅनेलवरचे वकील आहेत. घरकर्ज देताना तीस वर्षांचा सर्च, इंडेक्स टू, फेरफार, सातबारा हे सगळं त्यांच्याच हातून जातं. विमा कंपन्यांकडे अपघाताच्या दाव्यांसाठी असेच पॅनेल आहेत. पॅनेलवर घेताना वकिलाला किती वर्षं प्रॅक्टिस झाली हे विचारतात. त्याच्या पुढे जाऊन तीन गोष्टी बघायला एका अधिकाऱ्याचा अर्धा दिवस पुरेल. तारखांची दुसरी नोंद कुठं आहे आणि ती कोण बघतं? मूळ कागद आले-गेल्याचं रजिस्टर आहे का? साहेब आजारी पडले तर काम कोण सांभाळणार, हे लेखी ठरलेलं आहे का? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांच्या पॅनेलवरच्या वकिलांचं काम पाहायला 2010 च्या नियमांनुसार देखरेख समित्या आहेतच. गरीब पक्षकाराला मिळालेल्या वकिलाच्या ऑफिसात या समित्यांनी असाच डोकावून बघायला काय हरकत आहे?

यावर आक्षेप ठरलेला आहे, आणि तो वजनाचा आहे. इंग्लंडच्या फर्मला मॅनेजर असतो, हिशेबनीस असतो. तालुक्याच्या कोर्टात एकटा वकील टेबल-खुर्ची टाकून बसतो, क्लार्क तिघांत मिळून एक, ज्युनियरला पैसे द्यायची मारामार. त्याच्यावर हे कागदी ओझं कशाला? माझं उत्तर एवढंच, की वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टींना दोन वह्या आणि शेजारच्या वकिलाशी केलेला एक लेखी ठराव लागतो. मी तपासलेल्या उत्तम ऑफिसांपैकी काही एकट्या सॉलिसिटरची होती. त्यांच्याकडे महागडं सॉफ्टवेअर नव्हतं. भिंतीवर एक वर्षाचा तक्ता होता आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या एकट्या सॉलिसिटरकडे त्याची नक्कल होती. एक आजारी पडला की दुसरा तक्ता बघून कोर्टात उभा राहायचा. उलट चकचकीत इमारतीतल्या फर्मला मी गंभीर त्रुटी लिहून दिल्या आहेत, कारण तिथं प्रत्येकाला वाटत होतं की तारीख दुसरा कुणीतरी बघतोय.

ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथले वकील तिथं जागा शोधताहेत, ज्युनियर नेमताहेत, कपाटं आणताहेत. एकाच वकिलाचं एक ऑफिस गावात आणि दुसरं कोल्हापुरात, म्हणजे साहेब कायम कुठल्यातरी एका ऑफिसात नसणारच. या मंडळींना माझी विनंती आहे. पाटी रंगवायच्या आधी तारखांची दुसरी वही घाला, ती कोण बघणार त्याचं नाव पहिल्या पानावर लिहा, आणि पक्षकाराचे मूळ कागद घेतले की त्याच दिवशी त्याला सहीची पोच द्या. सहाही जिल्ह्यांच्या बार असोसिएशननी मनावर घेतलं, तर सुरुवात यायच्या उन्हाळी सुट्टीतच होईल.